तिसऱ्या पिढीत धंदा टिकवायचाय? मग आधी पगार, नफा आणि उचल वेगळी करा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजोबांनी सुरू केलेला कारखाना, आता वडील आणि काका चालवतात, मालकी दोघांची निम्मी-निम्मी. वडिलांना तुम्ही एकटेच, काकांना तीन मुलं, त्यातला थोरला ८ वर्षं धंद्यात आहे, तुम्ही २ वर्षांपूर्वी आलात, बाकी दोघं बाहेर नोकरी करतात. आणि विचारताय की हे पुढची ५० वर्षं टिकवायचं तर काय करावं, फॅमिली कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे कुटुंबाने धंद्याबद्दलचे आपले नियम लिहून काढलेला दस्त, करून घ्यावी का, आणि 'तिसरी पिढी धंदा बुडवते' यात तथ्य किती. पण जाता जाता तुम्ही एक वाक्य टाकलंय, की तुम्हाला आणि चुलत भावाला पगार अगदी सारखा आहे त्यामुळे पैशावरून काही वाद नाही. मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न त्या वाक्यात आहे, बाकीचं त्याच्या मागून येतं.

मी हिशेब तपासणीतून या कामात आले आणि आता बरीच वर्षं कुटुंबांच्या धंद्यांची वाटणी, हस्तांतरण, भागीदारी करार हेच बघते, त्यामुळे माझी नजर पैशावरच आधी जाते हे मान्य. मानसशास्त्रवाला माणूस कदाचित दुसरीकडून सुरुवात करेल. आणि वारसा कायदा, कर, कंपनीचे नियम हे देशागणिक बदलतात, शिवाय तुमचा धंदा भागीदारीत आहे की कंपनी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून कागद कसे करायचे यात मी खोल जात नाही, ते तुमच्याकडच्या वकिलाला विचारा.

आधी तिसऱ्या पिढीची भीती. १०० पैकी ३० धंदे दुसऱ्या पिढीत टिकतात आणि १३ तिसऱ्या, हा जो आकडा सगळीकडे फिरतो तो जॉन वॉर्ड या अमेरिकन प्राध्यापकाच्या १९८७ सालच्या अभ्यासातला. त्यांनी इलिनॉय राज्यातल्या २०० उत्पादन कंपन्यांचं १९२४ ते १९८४ मध्ये काय झालं ते बघितलं. म्हणजे एक राज्य, एक क्षेत्र, आणि काळ असा की त्यात महामंदीही आली आणि महायुद्धही. त्यातले १३ टक्के म्हणजे तिसऱ्या पिढीच्या शेवटापर्यंत घरातच राहिलेल्या कंपन्या, तिसऱ्या पिढीत नुसता पाय ठेवलेल्या नाहीत. शिवाय कोणी कंपनी चांगल्या भावात विकली किंवा शेअर बाजारात नेली तरी ती 'टिकली नाही' याच रकान्यात गेली. त्यामुळे हा आकडा सांगून कोणी घाबरवत असेल तर फार मनावर घेऊ नका.

तरी तिसऱ्या पिढीत काहीतरी बदलतं हे खरं आहे. आजोबांच्या वेळी मालक, साहेब आणि घरातला कर्ता एकच माणूस होता. वडील आणि काका एका घरात वाढले, भांडले तरी रात्री एका ताटाला बसले. तुम्ही चौघं मात्र दोन वेगळ्या घरांत वाढलात, आणि धंद्याबद्दल तुमच्या कानावर जे आलं ते दोन वेगळ्या तोंडांतून आलं. हार्वर्डमध्ये रेनाटो टॅगियुरी आणि जॉन डेव्हिस यांनी १९७८ च्या सुमारास याचं एक साधं चित्र काढलं होतं, एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं: कुटुंब, मालकी आणि धंदा. मी अजूनही पहिल्या बैठकीत ते कागदावर काढते आणि प्रत्येकाला आपलं नाव कुठे येतं ते लिहायला लावते. तुमच्याकडे वडील आणि काका तिन्ही वर्तुळांच्या मधे. तुम्ही आणि थोरला भाऊ आज कुटुंब आणि धंदा यात, उद्या मालकीतही. बाहेर नोकरी करणारे दोघं आज फक्त कुटुंबात, पण उद्या मालकीत येणार आणि धंद्यात कधीच नसणार. आता आत काम करणाऱ्याला वाटणार नफा परत मशिनरीत घाला, आणि बाहेरच्याला वाटणार आमच्या हिश्श्याचे पैसे हातात कधी येणार. दोघांचंही आपापल्या जागेवरून बरोबर असतं, म्हणून तर समजूत काढून हा तिढा सुटत नाही, त्याला नियमच लागतो.

आता तो सारखा पगार. कुटुंबाच्या धंद्यातून घरातल्या माणसाला चार वेगवेगळ्या कारणांनी पैसे मिळतात. काम करतो म्हणून पगार, मालक आहे म्हणून नफ्यातला वाटा, स्वतःची जागा किंवा भांडवल धंद्याला वापरायला दिलंय म्हणून भाडं किंवा व्याज, आणि घरचा आहे म्हणून मदत, जसं की शिक्षण, आजारपण, लग्न. बहुतेक ठिकाणी हे चारही एकाच गल्ल्यातून जातं आणि वहीत त्याला एकच नाव असतं, उचल. पहिल्या पिढीत याने काही बिघडत नाही, कारण सगळं एकाचंच. दुसरीत चालून जातं. तिसऱ्या पिढीत मात्र हेच सगळ्यात आधी फाटतं.

एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं काही ठेवत नाही. खोके बनवणारा कारखाना, दोन भाऊ, तुमच्यासारखीच निम्मी मालकी. थोरल्याच्या उचलीच्या खात्यात मुलीची फी, गाडीचे टायर, घराच्या रंगाचं बिल, सगळं होतं. धाकट्याच्या खात्यात जवळजवळ काहीच नाही, मी म्हटलं वा, हे काटकसरी दिसतात. त्यावर धाकट्याच्या बायकोने पर्समधून एक छोटी डायरी काढून टेबलावर ठेवली. धाकट्याने मागायचं नाही असं ठरवलेलं, पण थोरल्याने काय काय घेतलं ते तारखेसकट लिहून ठेवलेलं होतं, वर्षानुवर्षं. टायरचीसुद्धा नोंद होती, किती टायर ते पण. थोरले बिचारे ते बघून गारच पडले, कारण त्यांच्या लेखी त्यांनी कोणाचं काही लपवून घेतलंच नव्हतं, खातं सगळ्यांसमोर होतं, कोणी काही बोललं नाही म्हणजे चालतंय असं त्यांना वाटलं. रक्कम जोडली तर धंद्याच्या मानाने किरकोळ निघाली, पण तोवर दोन्ही घरं वेगळी व्हायचं ठरवून बसली होती.

म्हणून सारखा पगार म्हणजे वाद नाही, हे मला पटत नाही. ८ वर्षं काम केलेला, बहुधा तुमच्यापेक्षा मोठी जबाबदारी असलेला माणूस आणि २ वर्षांपूर्वी आलेला माणूस यांना सारखा पगार मिळतो तेव्हा त्या पगारात मालकीचा वाटा कालवलेला असतो. वडील आणि काकांनी 'दोन्ही घरांत सारखं जावं' एवढा विचार करून तो ठरवलाय. भाऊ आज गप्प असेल, त्याची डायरी असेलच असं मी म्हणत नाही, पण तुम्ही स्वतःच विचार करून बघा, तुम्ही त्याच्या जागी असता तर. उपाय तसा साधा आहे. हेच काम करायला बाहेरचा माणूस ठेवला असता तर त्याला काय द्यावं लागलं असतं, तो पगार. मग तुमचा कमी आणि त्याचा जास्त निघाला तर निघू दे. नफा मालकीप्रमाणे, वर्षातून एकदा किंवा दोनदा, ठरलेल्या नियमाने: नफ्यातून कर आणि कर्जाचे हप्ते गेल्यावर जे उरेल त्याचा अमुक हिस्सा वाटायचा, बाकी धंद्यात. तो हिस्सा किती, हे धंद्यावर आहे. मशिनरीला सतत पैसा लागतो अशा ठिकाणी थोडा, सेवा धंद्यात जास्त चालतो. शून्य मात्र ठेवू नका, कारण बाहेरच्या दोघांना मालकी असून वर्षानुवर्षं काहीच दिसलं नाही तर ते हिस्सा विकायला काढतील, आणि त्यांना दोष तरी कसा देणार. घरची मदत द्यायची तर जरूर द्या, पण तिचा वेगळा निधी, वेगळं खातं, आणि कोणाला कशासाठी किती याचा नियम आधीच लिहिलेला.

दुसरी गोष्ट तुम्ही बहुतेक मोजली नसेल. आज निम्मी-निम्मी मालकी आहे ती आपापल्या मुलांकडे गेली तर तुमच्याकडे एकट्याकडे ५० टक्के येणार आणि तिकडे तिघांत प्रत्येकी १६.६७. म्हणजे ८ वर्षं राबणाऱ्या भावाच्या तिप्पट मालकी तुमची. कायद्याने, हिशेबाने यात चूक काहीच नाही, पण हे त्याने आधीच मोजलेलं असणार हे गृहीत धरा. काही कुटुंबं घराण्याप्रमाणे वाटणी तशीच ठेवतात, काही माणशी समान करतात, काही ठिकाणी मालकी घराण्याप्रमाणे राहते पण कामातल्या लोकांना कामगिरीवर थोडे शेअर मिळवायची सोय असते. मला शेवटचा मार्ग बरा वाटतो, पण तो तुमच्या वडिलांनी आणि काकांनी हयातीत आणि एकत्र बसून ठरवला तरच. तुम्ही पुढच्या पिढीने नंतर ठरवायला गेलात तर तुम्हाला स्वतःच्या खिशातून द्यावं लागेल आणि ते कोणी आनंदाने करत नाही.

५०-५० चा आणखी एक त्रास, तो म्हणजे अडकणं. दोघांचं जमेनासं झालं की निर्णयच होत नाही. करारात कोंडी फोडायचं कलम हवंच. एक पद्धत अशी असते की एकाने किंमत सांगायची आणि दुसऱ्याने ठरवायचं की त्या किमतीला विकतो का विकत घेतो. ऐकायला फार न्यायी वाटतं, पण ज्याच्या हातात रोकड जास्त तोच यात जिंकतो हे लक्षात ठेवा. मी शक्यतो आधी तटस्थ तिसऱ्या माणसाचं मत, मग लवाद, आणि हे कलम अगदी शेवटी, असं सुचवते.

आता वाढीचं गणित. जेवणाऱ्यांची संख्या २५ वर्षांत दुप्पट झाली तर माणशी उत्पन्न तेवढंच राहायलाही धंदा महागाई सोडून दर वर्षी साधारण २.८ टक्के वाढायला हवा. तिप्पट झाली तर ४.५ टक्के. त्यात महागाई ५ टक्के धरली तर जवळजवळ ९.७. ही नुसती जागच्या जागी उभं राहायची वाढ आहे बरं का, प्रगती नाही. ज्या धंद्याची बाजारपेठच संथ आहे त्याच्यावर सगळ्यांची घरं चालवायची म्हटलं तर ते जमणारच नाही, मग माणसं कितीही गुणी असोत. म्हणून सगळ्या भावंडांना धंद्यात सामावून घ्यायचा अट्टाहास नको, बाहेर नोकरी करणारे दोघं तुमच्या धंद्याला मदतच करतायत असं मी म्हणेन.

आणि पुढच्या पिढीतलं कोणी आलंच तर दाराशी नियम हवा. मी साधारण हे सांगते की आधी बाहेर तीनेक वर्षं नोकरी, तिथे एखादी बढती मिळवलेली असावी, धंद्यात खरोखर जागा रिकामी असावी, आणि आल्यावर वरिष्ठ स्वतःचे आईवडील नसावेत. शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त टाळला जातो. वडिलांच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलाला खरं कोणी सांगत नाही, कर्मचारी तर नाहीच नाही. नियम मुलगे, मुली, जावई, सुना सगळ्यांना एकच. जपानमध्ये कर्तबगार जावयाला दत्तक घेऊन आडनाव देण्याची जुनी रीत आहे, सुझुकी मोटर कितीतरी वर्षं चालवणारे ओसामु सुझुकी असेच जावई म्हणून त्या घरात आले. रक्तापेक्षा धंदा पुढे नेणारा माणूस शोधायचा, हा त्यातला भाग घेण्यासारखा आहे.

बाहेर पडायचं दार. यावर कुटुंबं बोलायलाच तयार नसतात, 'आत्तापासून फुटायची भाषा कशाला' म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे, दार कुठे आहे आणि किती रुंद आहे हे माहीत असलं की लोक निवांत आत बसतात. करारात तीन गोष्टी लिहा. हिस्सा आधी घरातल्यांनाच द्यायचा. किंमत कशी काढायची, म्हणजे कोणी मूल्यांकन करायचं, किती वर्षांच्या सरासरी नफ्यावर, जमीन धरायची का वेगळी ठेवायची, आणि छोट्या हिश्श्याला किंमत कापायची की नाही. आणि पैसे कसे द्यायचे, हे तर फारच महत्त्वाचं, कारण एकदम सगळे द्यायला लागले तर धंदाच विकावा लागतो. ५ ते ७ वर्षांचे हप्ते, व्याजासकट, आणि एका वर्षात नफ्याच्या अमुक टक्क्यांपेक्षा जास्त जाणार नाहीत अशी मर्यादा, असं बसवता येतं. मालकाच्या मृत्यूनंतर हिस्सा विकत घ्यायला आयुर्विमा उपयोगी पडतो. याच बैठकीत बँकेच्या कर्जाला वैयक्तिक हमी कोणाची आहे ते पण काढा. हमी वडील आणि काकांची असते, पुढे सही तुमची आणि भावाची होणार, आणि नफ्याचे वाटेकरी चौघं. हमी देणाऱ्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, हे कोणाच्या डोक्यातच नसतं.

कॉन्स्टिट्यूशनचं विचारलंत. करा, पण ते शेवटचं काम आहे, पहिलं नाही. गुळगुळीत कागदावर मूल्यं, परंपरा, एकोपा असं छापून समारंभाने सह्या केलेल्या फायली मी पाहिल्यात, आणि त्याच घरात मृत्युपत्र, भागीदारी करार आणि ती फाईल तिघं तीन गोष्टी सांगतात. बहुतेक ठिकाणी अशा कौटुंबिक दस्ताला स्वतःचं कायदेशीर बळ कमी असतं, भांडण लागलं की कोर्ट करार, कंपनीची नियमावली आणि मृत्युपत्र बघतं. तेव्हा जे खरंच बांधून घ्यायचंय ते तिथे लिहा.

वडील आणि काका निवृत्त कधी होणार हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि ते साहजिक आहे, घरात कोणी विचारत नाही. मी तारीख मागते, आणि तारखेबरोबर सह्यांचे अधिकार टप्प्याने कसे जाणार ते. आधी खरेदी, मग नेमणुका, मग बँक. जमीन विकणे, मोठं कर्ज काढणे, नवा धंदा यावर त्यांचा नकाराधिकार काही वर्षं राहू द्या, पण कच्चा माल कोणाकडून घ्यायचा यात त्यांनी पडायचं नाही. त्यांच्या उदरनिर्वाहाची सोय धंद्याबाहेर झालेली असली पाहिजे, नाहीतर तारीख दर वर्षी पुढे जाते. पैसा अडकलेला असला की माणूस खुर्ची सोडत नाही, त्याला अहंकाराचं नाव देऊन उपयोग नाही.

शेवटी धंद्याबद्दल. घरात सगळं सुरळीत असूनही धंदा जाऊ शकतो. जपानची कोंगो गुमी ही मंदिरं बांधणारी कंपनी इ.स. ५७८ पासून चालत आलेली. १९८० च्या दशकातल्या तेजीत जमीनजुमल्यात शिरली, कर्ज चढलं, भाव पडले, आणि २००६ साली ती दुसऱ्या बांधकाम समूहाकडे गेली. चौदाशे वर्षांत काय काय पाहिलं असेल तिने, पण कर्ज पेललं नाही. उलट जर्मनीतलं मर्क घराणं १६६८ सालच्या एका औषधाच्या दुकानापासून सुरू झालं, १९९५ मध्ये शेअर बाजारात आलं, तरी सुमारे ७० टक्के मालकी आजही घराकडे आहे आणि रोजचा कारभार बाहेरचे व्यावसायिक बघतात. त्यांचं सगळं तुम्हाला लागू नाही, आकारच वेगळा आहे, पण मालकी आणि कारभार वेगळे ठेवता येतात एवढं तरी त्यातून दिसतं. आणि तुमच्या वस्तूला पुढच्या १५-२० वर्षांत गिऱ्हाईक राहणार नाही असं प्रामाणिकपणे दिसत असेल, किंवा कच्चा माल, पाणी, प्रदूषणाचे नियम यांचा खर्च नफा खाणार असेल, तर चांगल्या दिवसात विकून ते पैसे कुटुंबाने एकत्र गुंतवणं हा पण टिकण्याचाच प्रकार आहे. आजोबांचं नाव पाटीवर राहिलं पाहिजे म्हणून तोट्यात चालवायचं, याला माझा पाठिंबा नाही.

तर क्रम असा ठेवा: गेल्या ३ वर्षांचं उचलीचं खातं चार भागांत फोडून घ्या, मग पगार, मग नफ्याचा नियम, मग मालकी आणि बाहेर पडायचं कलम, कॉन्स्टिट्यूशन सगळ्यात शेवटी. बैठक जेवणाच्या टेबलावर नको, तीन महिन्यांतून एकदा, लिहिलेल्या विषयांवर, बाहेरचे दोघं भावंडं फोनवर का होईना पण हजर हवेत. आणि वडिलांशी बोलायच्या आधी थोरल्या भावाशी बोला, पगाराचा विषय तुम्ही स्वतः काढा, कारण यात कमी होणार तो तुमचा पगार, त्याने काढला तर ती तक्रार ठरते. तो काय म्हणतो ते इथेच लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल. सोबत धंदा भागीदारीत आहे का कंपनी, आणि जमीन कोणाच्या नावावर आहे, हेही लिहा.